दैवशालाबाईची अट

कल्याणच्या अंगात दोन कला होत्या. जळालेली मोटार नव्या तारेचे वेढे घालून भरून द्यायची आणि अडलेल्याला अर्ज लिहून द्यायचा. परतूरला रेल्वे फाटकापलीकडं त्याचं पत्र्याचं दुकान. बोअरमधून काढून आणलेल्या मोटारी दारात आडव्या पडलेल्या असायच्या आणि त्यांच्या बाजूला माणसं उभी. कुणाचं रेशनकार्डातून नाव उडालेलं, कुणाच्या पोराची दाखल्यावरची जन्मतारीख चुकलेली. कल्याण हाताचं तेल चिंधीला पुसायचा, चष्मा चढवायचा आणि 'मा. तहसीलदार साहेबांच्या सेवेशी' म्हणून पहिली ओळ ठोकायचा. मोटारीचे पैसे घ्यायचा, अर्जाचे घेत नसे. बायको म्हणायची, "अर्जाचे घेतले असते तं आतापर्यंत घरावर स्लॅब पडला असता." म्हणायचीच आपलं. मनातून तिला त्याचा अभिमान होता.

ही बायको म्हणजे दैवशाला, आणि गोष्ट खरी तिचीच आहे. शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. पाचवीपर्यंत शिकलेली, तोंडानं फटकळ, आणि एकदा कानावर पडलेलं जन्मात न विसरणारी. नवरा-बायको दोघं कॅथलिक. आता तुम्ही विचाराल, कल्याण आणि दैवशाला ही कसली कॅथलिक नावं? तर बाप्तिस्म्याची नावं वेगळी आहेत, योसेफ आणि मार्था, ती चर्चच्या वहीत सुखात आहेत. हाक मारायला आज्यापणज्यांच्या वेळची नावंच बरी पडतात. गावाच्या कडेला पस्तीस घरांची त्यांची वस्ती, मधोमध छोटं चर्च. फादर तातेराव जालन्याहून महिन्यातून एका रविवारी यायचे आणि मिस्सा, म्हणजे चर्चची मुख्य उपासना, करायचे. बाकीच्या रविवारी प्रार्थना घ्यायची, पोरांना शिकवायचं, आजाऱ्याच्या उशाशी बसायचं, हे सगळं कल्याणकडं. म्हणून वस्तीत तो मास्तर.

चार वर्षांमागं बिशपसाहेबांनी ठरवलं, की लग्न झालेल्या माणसांतून डीकन तयार करायचे. डीकन म्हणजे फादर नव्हे, फादरच्या एक पायरी खाली. त्याला मिस्सा करता येत नाही, पण बाप्तिस्मा देता येतो, लग्न लावता येतं, चर्चच्या वतीनं माती देता येते. फादर कमी, वस्त्या लांब, त्यामुळं गरजही होती. तिघांना निवडलं, त्यांत कल्याण. चार वर्षांचं शिक्षण, दर दुसऱ्या शनिवारी जालन्याला फादरांच्या आवारात वर्ग, आणि बायकोला सोबत आणल्याशिवाय वर्गात पाऊल टाकायचं नाही.

"शिकून राह्यले तुम्ही," दैवशाला पहिल्या दिवशी म्हणाली होती, "अन् माझी खिचडी कोण शिजवणार?"

"फादर म्हणतात, संसार दोघांचा, तं सेवाबी दोघांची."

"फादरला काय जातं म्हणायला. त्यांचा संसार आहे का कुठं?"

पण गेली. सकाळच्या गाडीनं डबा घेऊन जायची, मागच्या खुर्चीवर बसायची. पहिले दोन वर्ग तिनं शेंगा सोलत ऐकले. तिसऱ्या वर्गाला फादरांनी प्रश्न विचारला, तिघं उमेदवार एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले, आणि मागून दैवशालानं शेंगा सोलता सोलता उत्तर दिलं. त्या दिवसापासून फादरांनी बायकांच्या खुर्च्या पुढं घेतल्या. येताना गाडीत ती नवऱ्याची उजळणी घ्यायची. "मोटारीत किती वेढे घातले ते बराबर ध्यानात ऱ्हातं, अन् सात संस्कार मोजताना सहावर घोडं अडतं?" शेजारचे प्रवासी हसायचे. कल्याणही हसायचा आणि सातवा आठवायचा.

दुसऱ्या वर्षी दैवशालाच्या छातीत गाठ निघाली. संभाजीनगरला ऑपरेशन झालं, मग इंजेक्शनं, मग सात महिने घरात. केस गेले, चव गेली. मुलगी प्रांजली नर्सिंगचं कॉलेज सोडून दोन महिने आईपाशी येऊन राहिली. त्या दिवसांत कल्याणनं शिक्षण सोडतो म्हटलं, तर दैवशालानं अंथरुणातून त्याला असं काही झापलं, की तो पुढच्या शनिवारी एकटाच निघाला. संध्याकाळी परत आला की तिच्या बाजेशी बसून तो अख्खा वर्ग सांगायचा. फादर कुठं खोकले, सोबतच्या उमेदवाराला, रामकिसनला, कुठं झोप लागली, हेसुद्धा. ती डोळे मिटून ऐकायची. नंतर म्हणायची, त्या सात महिन्यांत मला औषधानं थोडं बरं केलं, बाकी त्या वर्गांनी.

ती सावरली. डॉक्टर म्हणाले, आता सहा महिन्यांनी दाखवत जा. चौथं वर्ष संपत आलं आणि बिशपसाहेबांनी दीक्षेची तारीख धरली, ईस्टरनंतरचा दुसरा रविवार. राहिलं फक्त बायकोचं संमतीपत्र. बायकोनं लिहून दिल्याशिवाय लग्न झालेल्या माणसाला डीकन करता येत नाही, असा चर्चचा नियमच आहे. बायकोनं नाही म्हटलं, की चार वर्षं पाण्यात.

आता ज्यानं जन्मभर गावाचे अर्ज लिहिले, तो बायकोचं पत्र तिला लिहू देईल का? कल्याणनं एका बैठकीत मसुदा उतरवला आणि म्हणाला, "तू फक्त तुझ्या अक्षरात काढ." तिनं काढलं. शब्द अवघड होते, पण नवऱ्यानं लिहिलंय म्हणजे ठीकच असणार.

फादरांनी तिला एकटीला खोलीत बोलावलं. नियम तसाच होता, नवऱ्यानं बाहेर बसायचं. फादर साठीचे, आवाज खालच्या पट्टीतला. चष्म्यातून त्यांनी पत्र वाचलं आणि त्यांना हसू आवरेना.

"'उपरोक्त विषयान्वये मी खाली सही करणार विनंतीपूर्वक कळविते की.' दैवशालाबाई, हे तुमचं बोलणं न्हाई. हा तहसीलचा अर्ज आहे."

"त्यांनीच सांगितलं, मी उतरवलं."

"ते दिसतंच आहे." मग फादरांनी पत्र पुन्हा पाहिलं, मागची बाजूही पाहिली, आणि त्यांचं हसू मावळलं. "पण यात एक गोष्ट न्हाई. कल्याणनं तुम्हाला दुसऱ्या लग्नाचं सांगितलं ना?"

"कोणाच्या दुसऱ्या लग्नाचं?"

फादरांनी पत्र टेबलावर ठेवलं. मग त्यांनी सरळ सांगितलं. लग्न झालेला माणूस डीकन होऊ शकतो, पण एकदा दीक्षा झाली की त्याला पुन्हा लग्न करता येत नाही. बायको आधी वारली, तर त्यानं तसंच राहायचं, शेवटपर्यंत. हे बायकोला ठाऊक पाहिजे आणि तिच्या पत्रात आलं पाहिजे. "हा वर्ग झाला व्हता. दुसऱ्या वर्षी."

"तेव्हा मी अंथरुणावर व्हते," दैवशाला म्हणाली. तिनं हिशेब लावला नाही, तो आपोआप लागला. सात महिन्यांतला प्रत्येक शनिवार तिला तोंडपाठ होता. कल्याणनं फादरांचा खोकलासुद्धा सांगितला होता, आणि हा धडा गिळला होता.

"मंग मला सही न्हाई करायची," ती म्हणाली, पत्राची घडी घातली आणि उठली.

परतीच्या गाडीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. कल्याणनं दोनदा विचारलं, काय झालं म्हणून. तिसऱ्यांदा विचारायची त्याची छाती झाली नाही. घरी आल्यावर तिनं चूल पेटवली, पिठाचा डबा काढला आणि पाठमोरीच बोलली.

"मी मेल्यावर तुम्हाला लग्न करता येणार न्हाई, हे मला कामून सांगितलं न्हाई?"

कल्याण जागच्या जागी बसला. खोटं त्याला बोलता येत नसे, अर्जातसुद्धा.

"तुझे केस गेल्ते तेव्हा," तो म्हणाला. "ताटातलं जात नव्हतं तुला. अन् मी येऊन तुला काय सांगू? तू मेल्यावर माझं काय, ते? माझ्यानं झालं न्हाई. नंतर सांगू म्हटलं, अन् नंतर तू हसायला लागलीस, तं मंग अजूनच झालं न्हाई."

हे ऐकून दैवशालाचा राग निम्मा उतरला. पण उरलेला निम्मा नवऱ्यावरचा नव्हताच. पीठ तसंच ठेवून ती त्याच्यासमोर येऊन बसली.

"मी दवाखान्यात पडल्या पडल्या एकच गोष्ट ठरवली व्हती," ती म्हणाली. "मी गेले तं तुम्ही दुसरी करायची. प्रांजलीला तसं बोलूनबी ठेवलं. तेवढं ठरवलं अन् मला झोप लागायला लागली. अन् तुम्ही तेच कापून टाकून राह्यलात."

"मला कोण करायची आहे दुसरी? नियम असो का नसो."

"तेच मला नको आहे. तुम्ही माझ्या बापाला पाहिलं न्हाई का?"

कल्याणनं सासऱ्याला पाहिलं होतं, पण जावयानं पाहावं तेवढंच. म्हस्कू, गोरापान, अबोल माणूस. बायको गेली तेव्हा चाळिशीचा होता. लोकांनी स्थळं आणली, त्यानं पोरींना सावत्र आई नको म्हणून सगळी परत पाठवली. गावानं त्याला देवमाणूस म्हटलं. मग पोरी लग्न होऊन गेल्या आणि देवमाणूस चौदा वर्षं एकटा राहिला.

"घरात चूल पेटवायचा न्हाई," दैवशाला सांगत होती. "एकट्यासाठी काय पेटवायची, म्हणायचा. गावात कुठं लग्न, बारसं, दहावा, जिथं पंगत तिथं माझा बाप पहिल्या पाटावर. आमंत्रण असो नसो. लोक त्याला पंगतवाला म्हातारा म्हणायला लागले. मला नणंदेच्या सासरी कळलं, चारचौघींत. मी लाजेनं मेले. दुसऱ्या दिवशी माहेरी गेले अन् वाट्टेल तसं बोलले त्याला. घरात दाणे न्हाईत का, पोरींची इज्जत कामून घालवता. त्यानं मान खाली घातली. पुन्हा कोणाच्या पंगतीला गेला न्हाई. वर्षभरात मेला." तिनं पिठाचे हात झटकले. "तो खायला जात नव्हता हो. शेजारी कुणीतरी जेवतंय, एवढंच त्याला पाह्यजे व्हतं. अन् मी ते तोडलं. आता तुमचं तसं होणार, ह्याच्यावर मी माझ्या हातानं सही करू?"

एवढ्या वर्षांच्या संसारात हे तिनं त्याला कधी सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. कल्याणनं तिचा हात धरला, तेलाचे डाग पडलेल्या आपल्या हातात बराच वेळ धरून ठेवला.

"मी फादरला सांगतो, मला जमत न्हाई," तो म्हणाला. "कारण सांगायची गरज न्हाई."

"खरंच?"

"बिलकुल. मोटारी आहेत, प्रार्थना आहे. चार वर्षं शिकलेलं काय वाया जातं का?"

त्यानं हे इतक्या सरळ आवाजात म्हटलं, की तिला त्यात खोट काढता आली नाही. पण दुसऱ्या दिवशी तो फोन करणार होता, तो त्यानं केला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. उद्या करतो, म्हणाला. ती समजली.

त्याच आठवड्यात वस्तीतली तुळजाबाई गेली. ऐंशीच्या पुढची म्हातारी. फादर बिशपसाहेबांच्या बैठकीसाठी बाहेरगावी होते, दुसऱ्या फादरांचा फोन लागेना. सकाळी गेलेली म्हातारी दुपार टळली तरी दारात. शेवटी मुलगा रामराव म्हणाला, मास्तर, तुम्हीच घ्या. कल्याणनं प्रार्थना म्हटल्या, बायबलमधलं शुभवर्तमान वाचलं, खड्ड्यात पहिली मूठ टाकली. सगळं बराबर. माणसं पांगली तसा रामराव त्याच्याजवळ आला. साठीचा बाप्या, पण आई गेल्यावर सगळे लहानच असतात.

"मास्तर, एक विचारू? तुम्ही दिलेली माती चालती ना? म्हणजे माझ्या मायला काही कमी न्हाई ना पडलं?"

"काही कमी न्हाई पडलं, रामराव. प्रार्थना तीच आहे, देव तोच आहे."

रामरावनं मान हलवली, पण समाधान झालेला माणूस अशी मान हलवत नाही. दैवशाला बायकांमध्ये उभी होती. तिनं रामरावचं तोंड पाहिलं आणि मग नवऱ्याचं पाहिलं. कल्याण हात धुवायला हापशावर गेला आणि हात स्वच्छ झाल्यावरही किती तरी वेळ धूत राहिला.

दुसऱ्या दिवशी खिचडी उतरवून झाल्यावर दैवशालानं शाळेतल्या मॅडमकडून रेघांचा कागद मागून घेतला. चार दिवस ती दुपारी स्वयंपाकाच्या खोलीत बसून लिहीत होती. शब्द अडला की चौथीतल्या एखाद्या पोरीला विचारायची. कल्याणला काही बोलली नाही. शनिवारी सकाळी फक्त म्हणाली, "चला, जल्दी आवरा. गाडी सुटंल."

कल्याणला वाटलं, नाही म्हणायलाच चाललोय. तो इस्त्रीचा सदरा घालून निघाला.

फादरांच्या खोलीशी तो सवयीनं बाहेर थांबला. आत दैवशालानं कागद टेबलावर ठेवला. फादरांनी हळूहळू वाचला.

'बिशपसाहेब, मी दैवशाला लिहिते. माझा नवरा कल्याण डीकन होणार त्याला माझी संमती आहे. कोणी जबरदस्ती केली नाही. मी आधी मेले तर तो दुसरं लग्न करणार नाही हे मला समजलं आहे. हे मला आवडलं नाही. देवाला आवडत असेल. माझे वडील असेच राहिले होते, त्यांचे फार हाल झाले, त्यात माझी चूक होती. म्हणून माझी एक अट आहे. माझ्यामागं कल्याणला रोज संध्याकाळी वस्तीतल्या एका घरी जेवायला बोलवावं. पाळी लावावी. पस्तीस घरं आहेत, महिन्यातून एकदाच येईल, कोणाला जड नाही. तो नको म्हणेल, त्याचं ऐकू नये. त्याला वांगं आवडत नाही पण तो सांगणार नाही. ही जबाबदारी फादरांनी घ्यावी आणि खाली सही करावी. मी लिहून दिलं, चर्चनंपण लिहून द्यावं.'

फादरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आजपर्यंत कोणत्याच बाईनं अशी अट घातली न्हाई," ते म्हणाले.

"त्यांना कोणी विचारलं नसंल."

"मी उद्या बदलून गेलो तर?"

"मंग तुमच्यामागून येतील त्यांचीबी सही घेऊ. ह्या कागदाखाली जागा लई आहे."

फादर तातेरावांनी पेन उघडलं आणि लिहिलं, 'अट मान्य. रोज संध्याकाळी.' खाली सही केली, तारीख घातली. मग उठून स्वतः दारापर्यंत गेले आणि कल्याणला आत बोलावून कागद त्याच्या हातात दिला.

कल्याणनं उभ्यानंच वाचायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर येऊन खुर्चीत बसला. वांग्यापाशी त्याचं बोट थांबलं.

"हे तुला कधीपासून म्हाईत?"

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून."

"मंग करायचीस कामून?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट पाह्यत व्हते."

फादर मोठ्यानं हसले. कल्याण हसला नाही. त्यानं कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा वाचला, काहीतरी शोधत असल्यासारखा.

"फादर," तो म्हणाला, "अन् मी आधी गेलो तर?"

"तर तिला मुभा आहे. नियम डीकनला बांधतो, त्याच्या बायकोला न्हाई. तिला वाटलं तर ती लग्न करू शकते."

"घ्या," दैवशाला म्हणाली. "म्हणजे माझं बरं आहे."

पण तिच्या ध्यानात आलं, की कल्याणला हे विचारायचं नव्हतं. चार दिवस ती त्याच्या जेवणाची पाळी लावत बसली होती. आपणही मागं राहू शकतो, हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं.

कल्याणनं फादरांचं पेन मागितलं. त्यांच्या सहीखाली एकच ओळ लिहिली आणि कागद बायकोपुढं सरकवला. दैवशाला ओठ हलवत वाचायला लागली. 'मी आधी गेलो तर हिलापण रोज बोलवावं. ही पहिल्या हाकेला येणार नाही, दोनदा बोलवावं.'

तिचं वाचून झालं, तरी ती कागदावरून मान वर करेना. फादर खिडकीतून बाहेर बघत राहिले. शेवटी तिनं पदरानं नाक पुसलं आणि कागद नवऱ्याकडं परत सरकवला.

"तीनदा लिहा," ती म्हणाली.